रिकाम्या खुर्चीचा हिशोब

"तू पुण्याची?"

रात्रीचे अकरा वाजले होते. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं होतं. बॅकअपवरून डेटाबेस परत चढत होता आणि तो चढेपर्यंत कॉलवरच्या सहा-सात जणांना काहीच काम नव्हतं. अशा वेळी क्लायंटकडची माणसं हवामानावर बोलतात. पलीकडचे मॅनेजर इंग्लंडच्या उत्तरेकडचे, साठीला टेकलेले. बरेच महिने सोबत काम करूनही आम्ही भारतात नेमके कुठे बसतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्या रात्री त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

पलीकडे शांतता. मला वाटलं, नेट गेलं.

"पुणे म्हणजे व्हेंकीजचं पुणे?"

"हो! त्यांचं ऑफिस आमच्या सिंहगड रस्त्यावरच आहे. मी रोज तिथून जाते," मी उत्साहाने म्हटलं. परदेशी माणसाला आपल्या रस्त्यावरची कंपनी माहीत असली की उगाच बरं वाटतं.

त्यांनी कॅमेरा चालू केला. मागच्या भिंतीवर फ्रेममध्ये एक शर्ट होता, अर्धा निळा, अर्धा पांढरा.

"मी ब्लॅकबर्नचा," ते म्हणाले. "तुझ्यावर राग नाही. पण तुझ्या शहराचं नाव ऐकलं की अजूनही पोटात गोळा येतो."

इंग्रजीत सगळ्यांना 'यू'च असतं, पण माझ्या डोक्यात ते पहिल्यापासून 'अहो' आहेत, कारण बाबांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. त्यांचं नाव इथे देत नाही. रोव्हर्सकाका म्हणते. ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचे काका.

त्या रात्री डेटाबेस दीड वाजता चढला. गप्पा मात्र पुढे दोन वर्षं चालल्या. त्यात त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

* * *

पुण्यात वाढलेल्या कोणालाही व्हेंकीज हे नाव चिकन आणि अंड्यांमुळे माहीत असतं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला, दोन कोटी तीस लाख पौंडांना. मी आठवीत होते. वर्गातली फुटबॉल बघणारी मुलं मँचेस्टर युनायटेडची नाहीतर चेल्सीची. ब्लॅकबर्न कोणाचाच नव्हता, पण आठवडाभर तो सगळ्यांचा झाला. पुण्याची कंपनी प्रीमियर लीगमध्ये! ते रोनाल्डिन्होला आणणार अशाही बातम्या आल्या. रोनाल्डिन्हो आला नाही, पण तोपर्यंत आम्ही त्याला मनातल्या मनात एफसी रोडवर फिरवून आणलं होतं.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, रोव्हर्सचा संघ खरोखर पुण्यात आला. बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना होता. बाबा मला स्कूटरवर घेऊन गेले. बाबा कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. त्यांच्या मते पुण्यात फुटबॉल कळणारा माणूस म्हणजे कोल्हापूरहून बदली होऊन आलेला माणूस. रोव्हर्स ३-० ने जिंकले. मी दोन्ही बाजूंच्या प्रत्येक चांगल्या पासला टाळ्या वाजवल्या. परत येताना सिग्नलला बाबा म्हणाले, "प्लेअर चांगले आहेत गं, पण कोणाच्या चेहऱ्यावर आनंद नाही."

काकांना हे सांगितलं तेव्हा ते मोठ्याने हसले. त्या सामन्याच्या आठवडाभर आधी रोव्हर्स घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटीकडून ४-० ने हरले होते. संघ गुणतक्त्याच्या तळाजवळ, मॅनेजर स्टीव्ह कीनच्या हकालपट्टीसाठी रोज घोषणा, आणि अशा वेळी मालकांनी संघाला विमानात बसवून आपल्या गावी दाखवायला नेलं. आमच्यासाठी जी जत्रा होती, ती ब्लॅकबर्नमध्ये मालकांवरच्या आरोपपत्रातलं एक कलम होती.

"म्हणजे तू त्या स्टँडमध्ये टाळ्या वाजवत होतीस," काका म्हणाले, "आणि मी इथे बॅनर रंगवत होतो."

* * *

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं जुनं कापड गिरण्यांचं गाव. क्लबची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांपैकी हा एक. एफए कप सहा वेळा जिंकला, पण त्यातला शेवटचा १९२८ मध्ये. पुढे गिरण्या गेल्या आणि क्लबही खालच्या विभागांत रुतून बसला.

मग जॅक वॉकर आले. गावातलेच, लहानपणापासून रोव्हर्सचे, पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा कमावलेले. १९९१ मध्ये त्यांनी क्लब ताब्यात घेतला. केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, १९९२ मध्ये ब्रिटिश विक्रमी रकमेला ॲलन शिअररला घेतलं, आणि १४ मे १९९५ रोजी या छोट्या गावाच्या क्लबने प्रीमियर लीग जिंकली. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले होते, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीच साधता आली. काका त्या दिवशी वडिलांसोबत ॲनफिल्डवर होते. गिरणीत उभं आयुष्य घालवलेला तो माणूस अनोळखी लोकांच्या गळ्यात पडून रडत होता, म्हणाले.

मी म्हटलं, "पण काका, वॉकरनीही पैसा ओतूनच जेतेपद आणलं ना? मालकाच्या खिशातून चालणारा क्लब तेव्हाही होताच. तेव्हा कोणी हिशोब मागितला का?"

त्यांना हा प्रश्न आवडला नाही. दोन दिवसांनी स्वतःहून त्यांचा मेसेज आला: "बरोबर आहे तुझं. इतर क्लबांचे लोक आम्हाला हेच म्हणायचे, की तुम्ही लीग विकत घेतली. आम्ही ऐकून घ्यायचो आणि कप दाखवायचो. पण जॅक आमच्यात उभा असायचा. हरलो की त्याचा चेहरा आमच्यासारखाच पडायचा."

वॉकर २००० मध्ये वारले. त्यांच्या ट्रस्टने दहा वर्षं क्लब सांभाळला आणि मग पुण्याच्या राव कुटुंबाला विकला. महिनाभरातच अनुभवी मॅनेजर सॅम ॲलर्डाइसना काढलं गेलं. त्यांच्या जागी बसवलेल्या कीन यांनी कुठल्याही क्लबचं मॅनेजरपद आधी सांभाळलेलं नव्हतं. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खातायत अशी मालकांच्या कंपनीची जाहिरात आली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धचा सामना हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या रात्री कोणीतरी रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. सगळ्या जगाने तो व्हिडिओ बघितला. मीही बघितला होता आणि पोट धरून हसले होते.

"मीसुद्धा हसलो," काका म्हणाले. "मग शेजारी बघितलं. बाबा हसत नव्हते."

पुढच्या एकाच मोसमात तीन मॅनेजर गेले. त्यातला हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला. त्याच्या नुकसानभरपाईचं प्रकरण कोर्टात गेलं आणि क्लबला साडेबावीस लाख पौंड मोजावे लागले. काकांनी त्या उन्हाळ्यात सीझन तिकीट घेतलं नाही. ठरवून टाकलं, हे मालक असेपर्यंत घरच्या मैदानावर, म्हणजे ईवूड पार्कवर, पाऊल टाकायचं नाही.

त्यांची खुर्ची वडिलांच्या शेजारची होती. वडील मात्र जात राहिले.

"मी म्हटलं, तुम्ही तिकिटाला दिलेला प्रत्येक पौंड त्यांच्याकडे जातो. ते म्हणाले, मालक येतात आणि जातात, माझी खुर्ची मी का सोडू?"

त्या वर्षापासून बापलेक शनिवारबद्दल बोलेनासे झाले. बाकी सगळं बोलायचे: औषधं, नातवंडं, बागेतल्या गोगलगायी. फक्त शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळेबद्दल नाही. वडील शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर कोट ठेवायचे.

* * *

मी इंजिनिअर आहे. कोणी भावनेच्या भरात बोलायला लागलं की माझा हात आपोआप एक्सेलकडे जातो. हा दुर्गुण आहे, कबूल. पण एका रविवारी मी खरोखर हा हिशोब मांडला.

समजा, दहा हजार लोकांनी सीझन तिकीट घेणं बंद केलं. एका तिकिटाचे तीनशे पौंड धरले तर क्लबचं वर्षाला तीस लाख पौंडांचं नुकसान. खाणंपिणं आणि शर्ट धरून आणखी थोडं. आता दुसरी बाजू. इंग्लंडच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, वर जाण्याच्या शर्यतीपायी क्लब इतका खर्च करतात की कित्येक मोसमांत सगळ्या क्लबांचा मिळून नुसता पगाराचा खर्चच एकूण उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांवर गेलाय. म्हणजे दिवे, गवत, बस, हॉटेल हे सगळं सोडाच, खेळाडूंचे पगारसुद्धा कमाईतून निघत नाहीत. हा खड्डा मालक भरतो. व्हेंकीजने २०१० पासून रोव्हर्समध्ये वीस कोटी पौंडांहून जास्त रक्कम घातल्याचं सांगितलं जातं. वर्षाला सरासरी दीड कोटीच्या आसपास.

मी काकांना शीट शेअर केली. खाली लाल अक्षरांत निष्कर्ष लिहिला होता: बहिष्कारामुळे मालकाला वर्षाला फार तर तीस-चाळीस लाख पौंड जास्त घालावे लागतात. त्यामुळे क्लब मालकावर कमी नाही, उलट जास्त अवलंबून राहतो. ज्याला घालवायचंय, त्यालाच आपण अपरिहार्य करतोय.

शेजारच्या गावाचं उदाहरण मात्र उलट होतं, म्हणून तेही मांडलं. ब्लॅकपूल ब्लॅकबर्नपासून फार लांब नाही. तो क्लब २०१०-११ चा एक मोसम प्रीमियर लीगमध्ये होता. तिथून आलेला पैसा मालक असलेल्या ऑयस्टन कुटुंबाने क्लबबाहेर वळवला असा चाहत्यांचा आरोप होता. २०१७ मध्ये हायकोर्टानेही त्यांना क्लबमधला पैसा अवैधरीत्या काढून घेतल्याबद्दल दोषी धरलं आणि भागीदाराला तीन कोटी पौंडांहून जास्त द्यायला सांगितलं. चाहत्यांनी तोवर 'आता एक पेनीही नाही' म्हणत वर्षानुवर्षं बहिष्कार चालवला होता. त्यातल्या काहींवर मालकांनी बदनामीचे दावेही ठोकले. २०१९ मध्ये कोर्टाने क्लब रिसीव्हरच्या ताब्यात दिला आणि मार्चमधल्या पहिल्या घरच्या सामन्याला पंधरा हजारांहून जास्त लोक परत आले. जिथे मालक क्लबमधून पैसा काढत असतो, तिथे पैसा आटवला की त्याला बोचतं. ब्लॅकबर्नमध्ये मालक पैसा घालत होता. तिथे बोचणार कोणाला?

आणि तिसरं गाव, बरी. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो एका पौंडाला विकला गेला. नव्या मालकाने बिलं भागवण्याइतका पैसा असल्याचं लीगला दाखवलं नाही आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने क्लबला बाहेर काढलं. सव्वाशे वर्षांचं सदस्यत्व एका आठवड्यात संपलं.

माझं म्हणणं सरळ होतं. तीन शेजारी गावं, तीन मालक. एकाने पैसा उपसला, एकाने दिलाच नाही, आणि तुमच्या मालकांनी चुका केल्या पण पैसा देत राहिले. मग तुमचा बहिष्कार नेमका कशासाठी?

काकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. हिशोबात चूक काढली होती. "२०१०-११ मध्ये ईवूडवर सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास लोक यायचे. २०१६-१७ मध्ये जेमतेम निम्मे. यातले किती बहिष्कारवाले आणि किती नुसतेच कंटाळलेले, हे तू वेगळं काढलं नाहीस."

मग खाली: "बाकी हिशोब बरोबर आहे. मला तो २०१३ मध्येही माहीत होता. मी मालकाच्या खिशासाठी खुर्ची सोडली नव्हती. पत्रं लिहिली, उत्तर नाही. सभा मागितल्या, मिळाल्या नाहीत. मालक वर्षानुवर्षं मैदानावर फिरकले नाहीत. आम्ही किती ओरडलो तरी सात हजार किलोमीटरवर आवाज पोचत नव्हता. म्हटलं, रिकामी जागा तरी दिसेल."

तेव्हा त्यांनी मला १८-७५ चं आंदोलन सांगितलं. सामना सुरू झाला तरी लोक बाहेरच थांबायचे. अठराव्या मिनिटाला आत यायचे आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचे. अठरा-पंचाहत्तर म्हणजे क्लबचं स्थापनावर्ष. पैशाचा एक पौंडही त्यात वाचत नाही, तिकीट तर काढलेलंच असतं. पण टीव्हीवर रिकामी खुर्ची दिसते, मग भरते, मग पुन्हा रिकामी होते.

बहिष्कारवाल्यांची आणखी एक सोय होती. इंग्लंडच्या लीगमध्ये तिकिटाचा पैसा यजमान क्लबाला जातो. म्हणून काका ईवूडवर जायचे नाहीत, पण बाहेरगावच्या सामन्यांना न चुकता जायचे. मे २०१७ मध्ये ते ब्रेंटफर्डला होते. रोव्हर्स ३-१ ने जिंकले आणि तरीही गोलफरकावर तिसऱ्या विभागात घसरले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या विभागात जाण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्याच वर्षी ते परत वर आले. मे २०२४ मध्ये काका लेस्टरला होते. भारतातल्या तपासयंत्रणांच्या चौकशीमुळे मालकांना क्लबसाठी पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागत होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ॲडम व्हॉर्टन हा ब्लॅकबर्नचाच, एकोणीस वर्षांचा सगळ्यात गुणी पोरगा क्रिस्टल पॅलेसला विकला गेला होता. संघ घसरणीच्या काठावर होता. शेवटच्या दिवशी त्यांनी विजेत्या लेस्टरला २-० ने हरवलं आणि वाचले. सोमवारी तिकडे बँक हॉलिडे होता. मंगळवारच्या कॉलवर काकांचा आवाज पूर्ण बसलेला. आमच्या टीममधल्या एकाने काळजीने विचारलं, सर, व्हायरल आहे का?

* * *

त्याच आठवड्यात त्यांनी तो प्रश्न विचारला.

मी म्हणत होते, तुमचं नशीब समजा. मालक वाईट असेल, पण क्लब आहे ना! आमच्याकडे बघा. आणि मी पुण्यातले क्लब मोजायला लागले. पुणे एफसी, ज्याच्याविरुद्ध रोव्हर्स बालेवाडीला खेळले. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आलेला संघ, पुढे दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला. भारत एफसी, एकच मोसम खेळला, २०१४-१५. डीएसके शिवाजियन्स, आय-लीगमध्ये दोन मोसम, २०१७ नंतर नाही. आणि एफसी पुणे सिटी, आयएसएलमधला. २०१४ ते २०१९. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली. मालक आर्थिक अडचणीत आले आणि २०१९ मध्ये त्या जागी हैदराबादचा संघ आला.

चार क्लब, चार मालक. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतल्या बहुतेक चांगल्या संध्याकाळी बालेवाडीच्या स्टँडमध्ये गेल्यात. नारंगी टी-शर्ट, घसा बसेपर्यंत ओरडणं, परतीच्या बसमध्ये उभ्याने प्रवास आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन.

"मग तो बंद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?" काकांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मोर्चा काढला का? कोणाच्या दारात गेलात का? पत्र?

मी आठवलं. ऑगस्ट २०१९. मला नुकतीच नोकरी लागली होती. बातमी फोनवर वाचली. ग्रुपवर चार-पाच जणांनी रडके चेहरे टाकले. कोणीतरी एक मीम टाकलं. मग मी क्लबचं पेज अनफॉलो केलं. टी-शर्ट बरेच दिवस रात्री झोपताना घालायचे, मग आईने त्याचं फडकं केलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आम्ही काहीच केलं नाही."

"का?"

तेव्हा मी म्हटलं, माहीत नाही. कॉल संपवला. पण प्रश्न गेला नाही. रोज सिंहगड रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये त्या ऑफिसवरून जाताना तो परत यायचा.

आता वाटतं, कारण साधं आहे. आम्ही गिऱ्हाईक होतो. दुकान बंद झालं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, बंद शटरसमोर कोणी धरणं धरत नाही. आम्हाला दोष द्यावा असंही नाही. पाच वर्षांत नातं ते किती रुजणार? खुर्चीवर आजोबा बसलेले नव्हते, वडील बसलेले नव्हते. आमची खुर्ची रिकामी झाली असती तरी मागच्या मोसमात तिथे कोण बसलं होतं हे कोणालाच आठवलं नसतं. बहिष्कार टाकायला आधी काहीतरी आपलं असावं लागतं. जिथे तुमच्या येण्याची कोणी नोंदच घेतलेली नाही, तिथे न येण्याने काय होणार?

मी जे त्यांचं नशीब म्हणत होते, ते क्लब असणं नव्हतं. भांडायला जागा असणं होतं.

* * *

'बहिष्कार' हा शब्द काकांनी माझ्याकडून शिकून घेतला. त्यांच्या तोंडी तो 'बाहिश्कार' होतो. मी त्यांना सांगितलं की आमच्या शहराचा या शब्दाशी जुना संबंध आहे. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली होती. ते कापड यायचं कुठून? बरंचसं लँकशायरमधून.

ते म्हणाले, "माहीत आहे. माझी आजी डार्वेनच्या गिरणीत होती."

डार्वेन म्हणजे ब्लॅकबर्नला लागूनच असलेलं गाव. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधी मुद्दाम तिथे गेले होते, ज्यांच्या गिरण्या भारतातल्या बहिष्कारामुळे अडचणीत आल्या होत्या त्या कामगारांना भेटायला. गिरण्या बुडायला इतरही कारणं होती: जपानचं स्वस्त कापड, भारतातल्याच नव्या गिरण्या, जागतिक मंदी. पण बेकार बाईला ही यादी कोण समजावणार? गांधी त्यांच्याशी बोलले, त्यांचं दुःख मान्य केलं, आणि बहिष्कार काही मागे घेतला नाही. तरी लोकांनी त्यांचं स्वागतच केलं. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या गांधींचा तो फोटो प्रसिद्ध आहे. काकांची आजी फोटोत नाही. ती मागे कुठेतरी टाचा उंचावून उभी होती, असं ती सांगायची.

"तिचं काम गेलं होतं," काका म्हणाले, "पण ती म्हणायची, तो माणूस स्वतः आला. तोंडावर सांगायला आला."

मला क्षणभर काही बोलता आलं नाही. ब्लॅकबर्नची माणसं पंधरा वर्षं पुण्याकडे नेमकं एवढंच मागत होती.

* * *

गेल्या हिवाळ्यात काकांचे वडील गेले. शेवटच्या सामन्यापर्यंत ते ईवूडवर जात होते. वर्षभरापूर्वी चालणं जड झालं तेव्हा नातू सोबत जायचा. काका गाडी पार्क करून दोन तास बाहेर बसून राहायचे. आतला आवाज गाडीत ऐकू यायचा, म्हणाले. गोल कोणाचा, ते आवाजावरून कळतं.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा मंजूर झाला. मालक कसे असावेत, क्लबचा ताळेबंद कसा असावा, चाहत्यांना विचारल्याशिवाय काय बदलता येणार नाही, यावर आता नजर राहील. मी उत्साहाने लिंक पाठवली. त्यांनी अंगठा दाखवला आणि दुसरंच लिहिलं.

"बाबांची खुर्ची माझ्या नावावर करून घेतली. पूर्ण मोसमाचे पैसे भरले. दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून. पण अजून जाऊन बसलेलो नाही. तुझ्या शीटमध्ये मला आता कुठल्या कॉलममध्ये टाकशील?"

मी शीट उघडली. दोन कॉलम होते, 'येणारे' आणि 'बहिष्कारवाले'. पैसे भरून रिकामी ठेवलेल्या खुर्चीसाठी जागा नव्हती. तिसरा कॉलम केला, त्याला नाव सुचेना, तसाच सोडला. अजून तसाच आहे.

त्या रविवारी बाबा फोनवर कोल्हापूरच्या कोणाशी तरी हुज्जत घालत होते. दरवर्षीचं आहे. पुण्यात येऊन तीस वर्षं झाली तरी पेठेतल्या आपल्या संघाला ते वर्गणी पाठवतात आणि पाठवली की मग संघनिवडीवर, बुटांच्या खर्चावर, गोलकीपरवर तासभर भांडतात. आई आणि मी यावर नेहमी हसतो. तिकडच्या संघांना तसा मालक नाही. तालीम असते, मंडळ असतं, पेठ असते. भांडणं तर विचारूच नका. पण शाहू स्टेडियमवर बाबा ज्या कट्ट्यावर बसायचे, तिथे ते गेले नाहीत तर दोन दिवसांत घरी फोन येतो: काय रे, रुसलायस का?

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बाबा, या वर्षी पावती माझ्या नावाने पण फाडायला सांगा. पाचशे एक."

"तुझ्या? तू तिकडं चार मॅचसुद्धा बघितल्या नाहीस."

"असू दे. उद्या भांडायची वेळ आली तर हातात पावती असावी."

बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग परत फोन लावला.